लाल पेटीतली बाटली
डोळ्यांच्या थेंबांच्या नव्या बाटलीचं झाकण कटकन उघडलं की मला चाकणची ती कंपनी आठवते. मी घरातली पहिली पदवीधर. वडिलांनी गावभर पेढे वाटून मला तिथे धाडलं होतं, आणि सहा महिने नीट गेले तरच नोकरी कायम होणार होती. दिवसभर पांढऱ्या दिव्याखाली सुटे भाग तपासायचे. एसीच्या वाऱ्याने माझ्या कॉन्टॅक्ट लेन्स कोरड्या पडून डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं, म्हणून मी मधूनमधून थेंब घालायची. एकदा सुपरवायझरने माझ्या हातातली बाटली हिसकावून सगळ्यांदेखत खराब मालाच्या लाल पेटीत टाकली. "रडूबाई, तुझे डोळेच रिजेक्ट हायेत! कायम करू नका म्हणून वर लिहितो." सगळे हसले. संध्याकाळी मी मोशीच्या मेडिकलमधून दुसरी बाटली घेतली, पण पेटीतली मुद्दाम तशीच राहू दिली. त्या पेटीतल्या प्रत्येक वस्तूला कारण लिहून सही केलेलं कार्ड लागायचं, आणि दुसऱ्याच दिवशी ग्राहक कंपनीचे साहेब तपासणीला येणार होते. त्यांनी बाटली उचलून विचारलं, "हे काय? कार्ड कुठंय?" सुपरवायझर डोळ्यांनी मला विनवत होता. मी म्हणाले, "सर, काल आमच्या साहेबांनी टाकली. कारण तेच सांगतील." साहेबांनी 'कार्ड नाही' अशी नोंद अहवालात केली, तसा सुपरवायझरचा चेहरा उतरला. महिन्याभरात तो दुसऱ्या शेडला गेला, मी कायम झाले. त्या नोकरीचे माझ्यावर फार उपकार आहेत. पण आजही डोळ्यात थेंब पडला की आधी त्याचा उतरलेला चेहरा दिसतो, आणि मगच गार वाटतं.