बाहेर कोणी नव्हतं

आमच्या कारखान्यात बॉयलर साफ करायचं काम एकच माणूस मन लावून करायचा. आत शिरण्यापूर्वी तो टोपी काढून प्रार्थना करायचा आणि मोठ्याने ‘आमेन’ म्हणायचा. म्हणून त्याचं नावच आमेन पडलं.

“आमेन, आमच्या साहेबाच्या बदलीचंही बघ की जरा,” आम्ही चिडवायचो.

“तुझा साहेब देवाच्याही हाताबाहेर गेलाय,” असं म्हणून तो आत सरकायचा.

काम सोपं नाही. थंड केलेल्या बॉयलरमध्ये खांदा कसाबसा मावेल एवढ्या भोकातून जायचं. नळ्यांच्या मधे आडवं पडून त्यांच्यावर धरलेला क्षारांचा दगडासारखा थर छिन्नीने काढायचा. घाई केली तर नळी फुटते, आळस केला तर थर राहतो. आमेनने साफ केलेल्या नळीवरून बोट फिरवलं तर कुठे अडकत नसे. आतल्याने अधूनमधून पत्र्यावर ठोकायचं, बाहेरच्याने ठोकून उत्तर द्यायचं. बाहेरच्याला दुसरं काम नाही. जागा सोडायची नाही, बस्स.

हा बाहेरचा माणूस म्हणजे आमेनच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याला कामाला आमेननेच चिकटवलं होतं. चर्चमध्येही ते एकाच बाकावर बसत.

एकदा मेहुणा जागा सोडून चहाला गेला. भोकाशी कोणी नाही म्हणजे आतही कोणी नाही, असं समजून त्या पाळीच्या कामगाराने बॉयलर धुण्यासाठी पाणी सोडलं. आतला दिवा विझला. आमेनचा पाय नळ्यांत अडकलेला. तो ठोकत राहिला. मी विसरलेला पाना घ्यायला तिकडे गेलो म्हणून मला ऐकू आलं. पाणी बंद करून त्या कामगाराने आणि मी त्याला ओढून काढलं, तेव्हा ते त्याच्या गळ्याशी आलं होतं. पाय वाचला, पण पुन्हा सरळ झाला नाही.

मेहुण्याने साहेबाला सांगितलं, मी जागेवरच होतो, ह्यांनीच ठोकलं नाही. साहेबाला तेच सोयीचं होतं. आमेनने ते खोडलं नाही, मलाही खोडू दिलं नाही. बहिणीचं घर त्या नोकरीवर चालत होतं.

पाय टेकवता येऊ लागल्यावर त्याने मला चर्चमध्ये बोलावलं. देवाचे आभार मानायची, उपकारस्तुतीची उपासना होती. तिथे मेहुणा साक्ष द्यायला, म्हणजे देवाने काय केलं ते सगळ्यांना सांगायला, उभा राहिला.

“मी भोकाशी गुडघे टेकून प्रार्थना करत होतो,” तो रडत म्हणाला. “आणि आत दादांना प्रभूचा आवाज आला, भिऊ नको!”

बायका डोळे पुसू लागल्या. उपासना चालवणारे पाळक आमेनकडे वळले. “आता तुमच्या तोंडून ऐकू द्या.”

बहिणीने त्याची बाही धरली. “दादा, हो म्हण आणि बस ना. तुझं काय जातंय?”

तो बाकाला धरून उठला.

“बाहेर कोणी नव्हतं,” तो म्हणाला. “आणि आत मला कसलाही आवाज आला नाही. मी देवाला खूप हाका मारल्या.”

“पण शेवटी प्रभूने तुमच्या मित्राला पाठवलंच ना?” पाळकांनी सावरून घेतलं.

“तो पाना विसरला होता. देवाने पाठवलं असेल तर चांगलंच आहे, पण मला तेव्हा ते कळलं नाही. देव माझ्याजवळ आहे, एवढं धरून राहिलो. दुसरं धरायला काही नव्हतं. अजूनही धरलंय. पण ह्याच्या खोट्यावर माझ्या देवाला उभं करू नका.”

कोणीतरी खोकलं. पाळकांनी घाईघाईने गीताचा क्रमांक सांगितला.

बाहेर पायरीवर बहिणीने त्याला गाठलं. “माझ्या संसाराची लक्तरं वेशीवर टांगलीस. देवाच्या घरात! आजपासून मला भाऊ नाही.” मेहुणा तिच्या मागे उभा राहून बुटांकडे बघत होता.

चर्चमधलं बोलणं कारखान्यात कोणी नेलं नाही. मेहुण्याची नोकरी राहिली. आमेनला गोदामात बसवलं, नटबोल्ट निवडायला. तेही त्याने चोख केलं. एकदा जेवताना मी विचारलं, “देवाचा राग नाही येत?”

“येतो की.”

“मग?”

“त्यालाच सांगतो. दुसरं कोण ऐकून घेतंय?”

पाळकांनी त्याला पुन्हा कधी साक्षीला उभं केलं नाही. बहिणीचं कुटुंब पलीकडच्या बाकावर बसू लागलं. तो मात्र दर रविवारी जायचा. पायऱ्या चढताना त्याला कठडा धरावा लागायचा. बहीण मागून यायची, तो बाजूला होईपर्यंत थांबायची आणि न बोलता पुढे निघून जायची.