पाठीतली विहीर

माझी शाळा चौथीत सुटली. घरवाली मात्र मास्तरीण. सौसरच्या शाळेतून रिटायर झाली, पण तिचं लिहिणं काही रिटायर झालं नाही. मराठी कविता हिंदीत नेते, हिंदीतल्या मराठीत आणते. तेवढं मला समजते. तिच्या स्वतःच्या कविता म्हणजे तापात पडलेल्या स्वप्नासारख्या. कुठं कपाट अंडं देते, कुठं चंद्र बसून कांदे निवडते.

मी कधी आड आलो नाही. पण गेल्या साली नागपूरच्या पेपरात तिची एक कविता आली: माझ्या नवऱ्याच्या पाठीत विहीर आहे, तिच्यात गाय पोहते. पानठेल्यावर कोणीतरी ती मोठ्यानं वाचली.

"काय काका, लागलं का पाणी विहिरीले?"

"अन् दूध कोण काढते?"

जन्मभर मान वर करून फिरलेला माणूस मी. घरी येऊन सांगितलं, "ही कविता तुह्या येणाऱ्या पुस्तकात दिसली तर त्या पुस्तकाले मी हात लावणार नाही."

"तुमी हो म्हणसान तवाच छापीन," ती म्हणाली, अन् छापणाऱ्याला तेवढं पान कोरं ठेवायला सांगितलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

रोज संध्याकाळी ती माझ्या पाठीला गरम तेल लावायची. रागानं मी तेही बंद केलं. आठ दिवसांत खाटेवरून उठवेना. मग ती न विचारताच तेलाची वाटी घेऊन आली.

"इथं," मणक्याजवळ अंगठा दाबून म्हणाली. "लग्नाच्या दुसऱ्या साली बोरगावच्या रस्त्यावरल्या आपल्या विहिरीत गाय पडली होती. लोक दोर आणेपर्यंत तुमी छातीभर पाण्यात, तिची मान पाठीवर घेऊन. मी वरून पाहून राहिली होती. तवापासून इथं हात ठेवला का मले पाणी ऐकू येते."

मी पालथा होतो. माझं तोंड तिला दिसलं नाही, ते बरं झालं. पाठ दुखते एवढंच मला ठाऊक होतं. ती मात्र इतकी वर्षं तिथं कान लावून बसली होती.

"छाप," मी म्हटलं. "पण ते गाय नव्हती. म्हैस होती."

"अहो, कवितेत गाय बरी वाटते."

"म्हैस होती. वजन माह्या पाठीवर होतं, तुह्या नाही."

पुस्तक आलं. त्यात म्हैस आहे. हिंदीतही तिनं भैंसच ठेवली. पानठेल्यावर मी स्वतः पुस्तक घेऊन गेलो, ते पान उघडलं अन् म्हटलं, "वाचा आता. मोठ्यानं."