दातांच्या कॉलेजाचं स्थळ

१९९६ साल. मी तेव्हा त्रेपन्न वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत, पण ती चौथी मी पहिल्या फटक्यात पास झालो होतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण मी डेंटल कॉलेज निवडायला निघालो तेव्हा हसणारे गावात बरेच निघाले. हसले तर हसू द्यावं. बोदवडच्या अलीकडं आमचं गाव, शेत कपाशीचं. कोणतं बियाणं पेरायचं हे मी कधी कुणाला विचारलं नाही आणि पोर कुठं द्यायची हेही विचारलं नाही. मोठी पोर नशिराबादला दिली, ती चांगल्या घरी नांदते आहे. म्हणजे माझी नजर काही वाईट नव्हती.

धाकटी जळगावला डी. फार्मसीला होती. औषधांचं शिक्षण. दोन वर्षांत मोकळी होणार, मग बोदवडला स्टेशनच्या रस्त्यावर तिला मेडिकल टाकून द्यायचं, हे मी ठरवून ठेवलं होतं. गाळासुद्धा बघून ठेवला होता. ती पहिल्या वर्षाला असतानाच परत बारावीला बसली. गुण वाढवायचे म्हणाली. मी म्हटलं बस, वाढलेले गुण काही कुणाला खात नाहीत. जूनमध्ये गुण वाढून आले आणि पोर पिशवी भरून घरी आली.

"आबा, मी फार्मसी सोडते. मले दाताचं डॉक्टर व्हायचं हाये."

मी काहून म्हणून विचारलं नाही. दुकानदारापेक्षा डॉक्टर मोठा, एवढं मला कळतं. पोरगी डॉक्टर होणार असेल तर बापानं कशाला नाही म्हणायचं. मी म्हटलं, सोड. तिनं फार्मसीचं नाव काढून घेतलं. आता मागं जायला जागा नव्हती. त्या वर्षी डेंटलला गेली तर गेली, नाहीतर वर्ष घरी.

आता कॉलेज बघायचं आलं. नशिराबादचे व्याही, म्हणजे मोठीचे सासरे, मोठे माणूस. त्यांच्या ओळखीच्या मंडळींनी वऱ्हाडाकडं एक नवं डेंटल कॉलेज काढलं होतं, त्यात हे संचालक होते. कॉलेजाचं आणि गावाचं नाव मी इथं घालत नाही. व्याह्यांना कळल्याबरोबर ते आले. "आबा, घरचं कॉलेज असताना पोर बाहेर कशाला? जागा धरून ठेवतो. तुम्ही एकदा नजरेखालून घाला."

आमच्यात पोर द्यायची तर आधी घर बघायला जातात. चार जाणती माणसं घ्यायची, पोरीला न्यायचं नाही. दारातला गोठा बघायचा, विहीर बघायची, शेजारच्याला हळूच विचारायचं. मी कॉलेजही तसंच बघितलं. व्याही, मी, आणि भाऊबंदकीतले दोघं, बोदवडहून रेल्वेनं गेलो. इमारत नवी कोरी, फरशी अशी की चप्पल बाहेर काढावीशी वाटली. गेटजवळच्या पानवाल्याला विचारलं, मालक कसे आहेत. चांगले आहेत म्हणाला. पाण्याची टाकी बघितली, पोरींच्या वसतिगृहाची भिंत बघितली, उंच होती. नंतर ऑफिसात बसवलं, पोहे दिले, चहा दिला, आणि निघताना टॉवेल-टोपी आणि नारळ दिला.

मी नारळ घेतला. आमच्यात मुलाकडच्यांच्या हातचा नारळ घेतला की बोलणी पक्की. ती बोलणी मग कुणी मोडत नाही. माझ्या डोक्यात ते होतं आणि मी नारळ समजून-उमजूनच घेतला. व्याहीही समजले. गाडीत म्हणाले, "झालं म्हणायचं मग, आबा." मी म्हटलं, "झालं."

घरी आलो तर पोर ओट्यावरच बसलेली.

"पाहिलं का आबा?"

"पाहिलं. पक्कं करून आलो."

"पेशंट किती होते तिथी?"

"पेशंट? मी काय आजारी माणसं मोजाले गेलो होतो?"

"खुर्च्या पाहिल्या का? दाताच्या?"

पाहिल्या होत्या. ओळीनं मांडलेल्या, एकापेक्षा एक चकचकीत. मी मोठ्या आवाजात सांगितलं, "इतक्या नव्या हायेत की अजून वरचं प्लास्टिक बी काढेल नाही."

पोर हसली नाही. तिची माय आत भाकरी थापत होती, तिचा हात मात्र थांबला.

"आबा," पोर म्हणाली, "प्लास्टिक काढेल नाही म्हणजे तिच्यात अजून कोणी बसेल नाही."

मला राग आला. चार माणसं घेऊन गेलो, नारळ घेऊन आलो, आणि ही खुर्चीवरचं प्लास्टिक धरून बसली. मी म्हटलं, "नवं हाये, बसतीन हळूहळू." ती म्हणाली, गुणांच्या यादीत धुळ्याच्या डेंटल कॉलेजला तिचं नाव लागलं आहे, तिथं एकदा या, माझ्यासोबत या, मग तुम्ही म्हणाल ते. मी म्हटलं, झालेल्या सोयरिकीनंतर दुसरं स्थळ बघायची आमच्यात रीत नाही.

"रीत लग्नाची हाये," ती म्हणाली. "मी शिकाले चालली."

आतून माय म्हणाली, "जाऊन या तिच्यासोबत. पाहून या आणि मग नाही म्हना. पण एक ध्यानात ठेवा, मोठीले त्या घरात नांदायचं हाये."

मी जायला तयार झालो ते मुख्यतः नाही म्हणायलाच. आणि दुसरं एक कारण होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. उजवीकडची खालची मागची दाढ महिनाभर ठणकत होती. लवंग धरायची, तंबाखू धरायची, चाललं होतं. म्हटलं धुळ्याला दातांचेच लोक आहेत तर एखादी गोळी घेऊन येऊ.

पहाटेच्या एस.टी.नं निघालो. भुसावळ, जळगाव, एरंडोल, पारोळा, असं करत धुळं गाठायला दुपार झाली. पोर आत चौकशीला गेली. मी व्हरांड्यात उभा. इथं मला बसायला कुणी सांगितलं नाही, चहा तर लांबच. बाकांवर माणसं दाटलेली. साक्रीकडची, शिंदखेड्याकडची, कुणी गाल बांधून, कुणी रुमाल तोंडाला लावून. शेजारी एक म्हातारी होती, तिनं माझ्या गालाकडं बघत अहिराणीत विचारलं.

"दाढ शे का, भाऊ?"

मी मान हलवली.

"मंग उभा काय राहिना? केसपेपर काढ. मना दोन दात आठेच, ह्याच दवाखानामा काढात. पोरी बठ्ठ्या चांगल्या शेतस, दुखू देतस नही." मग जरा थांबून म्हणाली, "थोडं दुखस."

मी केसपेपर काढला. गोळी मागायची म्हणून काढला, पण तिथं गोळी मागणाऱ्याला आधी खुर्चीत बसवतात. खुर्ची जुनी नव्हती, पण हाताची कड झिजलेली, बसलेल्या माणसांनी धरून धरून. शेवटच्या वर्षाची एक मुलगी आली, आमच्या पोरीहून तीन-चार वर्षांनी मोठी असेल. "बाबा, तोंड उघडा. अजून उघडा. तंबाखू खाता?" मी म्हटलं, धरतो. ती म्हणाली, "एकच झालं." तिनं तिच्या सरांना बोलावलं. सरांनी वाकून बघितलं, म्हणाले, ही ठेवण्यासारखी राहिली नाही, काढ. आणि बाजूला उभे राहिले, हात मागं बांधून. काढणार ती.

आमची पोर मला शोधत तिथं येऊन पोचली. खुर्चीत बाप बघून तिला हसू आलं असावं, पण ती हसली नाही. सरांना विचारून भिंतीशी उभी राहिली.

सुई टोचली, गाल जड झाला. मग त्या मुलीनं पकड हातात घेतली. मी ओरडणारा माणूस नाही. विंचू चावला तेव्हा ओरडलो नव्हतो. पण माणूस अशा वेळी आपल्या माणसाकडं बघतो, तसं मी आमच्या पोरीकडं बघितलं. ती माझ्याकडं बघतच नव्हती. तिची नजर त्या मुलीच्या मनगटावर. मुलीनं मनगट जरा बाहेर फिरवलं की हिचंही मनगट, ओढणीखाली, तसंच जरासं फिरे. तिला कळतही नसावं. कपाशी वेचणारी बाई झोपेत बोटं हलवते ना, तसं.

दाढ निघाली. ट्रेमध्ये टाकली तेव्हा आवाज आला. मुलीनं कापसाचा बोळा ठेवला, वर दात दाबायला लावले. "बाबा, हा असाच धरून ठेवा. थुंकायचं नाही. आणि बोलायचं अजिबात नाही." आयुष्यभर कापूस पिकवला, तो माझंच तोंड बंद करायला कामी आला. आमची पोर म्हणाली, "ताई, ते बोलल्याशिवाय राहणार नाहीत." ती मुलगी म्हणाली, "मग रक्त थांबणार नाही."

मी धरून ठेवला. तिनं सांगितलं होतं तेवढ्यापेक्षा जास्त वेळ धरला, कारण मी एकदा धरलेलं सोडत नाही. ऑफिसातल्या माणसानं पोरीला सांगितलं होतं, उद्या संध्याकाळपर्यंत मूळ कागद घेऊन या, नाहीतर यादीतलं पुढचं नाव घेऊ. तिनं हे मला बस स्टँडवर सांगितलं. मी गालातल्या बोळ्याकडं बोट दाखवलं. 

पारोळ्याच्या आधीच ती बोलायला लागली. एरवी तिचं वाक्य अर्ध्यात आलं की पुढचं मी बोलायचो. घरात तशीच सवय. त्या दिवशी मधे कुणी पडणारं नव्हतं.

"आबा, तुम्ही विचारलं नाही मी फार्मसी काहून सोडली." मी खिडकीकडं बघितलं. "आमचं ट्रेनिंग होतं ना दवाखान्यात, औषधाची खिडकी. तिच्या शेजारी दाताची खोली. माणूस गाल धरून, डोळ्यातून पानी काढत जाये, आणि थोड्या वेळानं माझ्या खिडकीशी गोळ्या घ्याले येये तर चेहराच वेगळा. मी पाह्यत राहायची. मंग जेवणाच्या सुट्टीत मी त्या दाराशीच उभी राहू लागली. मॅडमनं दोनदा रागावलं. गोळ्या मोजू मोजू मले कधी असं वाटलं नाही, की हे मी केलं."

मी काही म्हणणार म्हणून तोंड हललं. "बोलू नका," ती म्हणाली. "तुमच्या व्याह्याचं कॉलेज वाईट नाही. दहा वर्षांनी चांगलंच होईन. पण मले आता शिकायचं हाये. माणसं नाही आली तर मी कोणाच्या तोंडात हात घालून शिकू? पुस्तकाच्या?"  एरंडोल गेलं. "नशिराबादच्या अक्काचं मले बी ध्यानात हाये. तुम्ही नाही म्हटलं तर मी तिथं जाईन. रडत नाही जायची. पण तुम्ही आज माझ्यासोबत आलेच, तर मी सांगून टाकलं."

जळगाव स्टँडवर मी कापूस काढला. पाणी प्यालो. गाल अजून माझा वाटत नव्हता. ती वाट बघत होती. मी म्हटलं, "भुसावळची गाडी कोणती लागली ते पाह्य." एवढंच. बोलायचं ते एकदाच बोलायचं, अशी माझी सवय आहे, आणि ते बोलायची जागा बस स्टँड नव्हती.

पण ठरलं होतं. वसतिगृहाची भिंत, पाण्याची टाकी, मालकाचा स्वभाव, मी सगळं बघून आलो होतो, आणि ते सगळं बरोबरच बघितलं होतं, पण सून नेणाऱ्या घराचं. कॉलेजात काय बघायचं ते मी खुर्चीत तोंड उघडं टाकून बघितलं. मग जे बघितलं तेच खरं. नारळ घेतला तो मी, मग शब्द परत घ्यायचा तर तोही मीच. चिठ्ठी पाठवणं, दुसऱ्याच्या तोंडून निरोप देणं, असलं मी करत नाही.

घरी पोरीची माय दिवा लावून वाट बघत होती. मी सांगितलं, धुळ्याला घालतो. तिनं दिव्याची वात सारखी केली. मग म्हणाली, "आणि मोठी?"

"मोठीसमोरच सांगतो. तिच्या सासऱ्यानं काही बोललं तर मले बोलू दे, तिले नाही."

"तुम्हाले बोलता येतं का आता? गाल पाहा."

"सकाळपर्यंत बोलता येईन," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एस.टी.नं पोरीला घेऊन निघालो, मूळ कागद तिच्या पिशवीत, आणि नशिराबादला उतरलो. व्याही ओट्यावर पेपर वाचत होते. मोठी पोर दारातच होती, धाकटीला बघून पुढं आली, पण माझा चेहरा बघून तिथंच थांबली. मी चप्पल काढली, ओट्यावर चढलो, बसायच्या आधी बोललो. म्हटलं, "नाना, नारळ मी घेतला होता, ते मी विसरलो नाही. पोर मी धुळ्याला घालतो. तुमच्या कॉलेजात खोट नाही, पण तिथं अजून माणसं येत नाहीत, आणि हिला माणसांवरच शिकायचं आहे. राग माझ्यावर धरा, घरात नको."

व्याह्यांनी पेपर खाली ठेवला. माझ्या सुजलेल्या गालाकडं बघत राहिले.

"दाढ काढली वाटतं."

"काढली. धुळ्याला."

"एक दाढ काढली तर कॉलेज फिरवलं," ते म्हणाले. "बत्तीस दात काढले असते तर काय केलं असतं, आबा?"

मी म्हटलं, "तर बोलायला तुमच्याकडं आलो नसतो, नाना."

ते हसले नाहीत. पण मागं वळून मोठीला म्हणाले, "सूनबाई, चहा टाक. तुझ्या बापाला निवलेला दे, गाल भाजेल." मी चहा डाव्या बाजूनं प्यालो, पूर्ण प्यालो. धाकटी आणि मोठी आत काय बोलल्या ते मला माहीत नाही, बाहेर आल्या तेव्हा मोठीच्या हातात दशम्यांचं फडकं होतं. ते तिनं धाकटीच्या पिशवीत घातलं. मग आम्ही दोघं हायवेवर आलो, आणि मी रस्त्याच्या मधोमध जाऊन हात दाखवून धुळ्याची गाडी थांबवली.