मिठाचं पुस्तक

कागदाचं काम करणाऱ्यांकडे दोन गोष्टी साठतात, कात्रणं आणि किस्से. कात्रणं भंगारवाला नेतो. किस्से मात्र पनवेलच्या आमच्या गाळ्यातच पडून आहेत. मी छापतो, रफिकभाई बांधणी करतात आणि सुनंदा चित्रं काढते. तिघं मिळून आम्ही आर्टिस्ट बुक करतो. म्हणजे पुस्तक हीच कलाकृती, चित्रासारखी.

रफिकभाईंच्या मेहुण्याने कुवेतहून फोनवर विचारलं, "स्टोरी काय आहे त्यात?"

"स्टोरी नाही. जिल्द आहे."

"मग विकत कोण घेतं?"

"तेच तर कळत नाही, भाई."

*

घ्यायचे ते युरोपातले लोक. तिकडची रीत साधी! स्वस्त छपाई, दोन पिना, आणि पुस्तक हातोहात फिरलं पाहिजे. जर्मनीतल्या एका प्रदर्शनातून आमचं पुस्तक कव्हरवर कॉफीचा गोल डाग घेऊन परत आलं. मी चिडून मेल केला. उत्तर आलं, "अभिनंदन. पुष्कळांनी वाचलेलं दिसतंय."

*

मग तिकडच्या ऑर्डरी आटल्या आणि अमेरिकेतल्या लायब्रऱ्या विचारायला लागल्या. त्यांना एकच प्रत हवी, हातकागद हवा, वर मखमलीची पेटी हवी. "पुस्तक पाठवतोय की नवरी?" रफिकभाईंनी विचारलं. पहिलं पुस्तक पोचल्याचा फोटो आला, त्यात लायब्ररीतल्या बाईंच्या हातात पांढरे हातमोजे. रफिकभाई फोटो बघतच राहिले. "आजारी आहे का आपलं पुस्तक?"

*

सुनंदाच्या पुस्तकाने मात्र आमची झोप उडवली. तिच्या बाबांचं उरणकडचं मिठागर भरावाखाली गेलं. घरात शेवटची एक गोणी उरली होती. त्या मिठाच्या पाण्यात भिजवून तिने पानं वाळवली, पानोपानी खडे धरले. लायब्ररीची अट होती, धड पोचलं तर ठेवू, नाहीतर परत.

"परत आलं तर बाबांना काय सांगू?" सुनंदा म्हणाली. "मिठागर तिकडे कायमचं राहील, असं बोलून बसलेय मी. गोणीही संपली."

कळंबोलीच्या कुरियरवाल्याने पेटी कानाशी हलवली. "सर, पुस्तक वाजतंय." त्या दिवशी आम्ही तिघंही नीट जेवलो नाही.

*

पेटी उघडताना लायब्ररीवाल्यांनी व्हिडिओ कॉल लावला. इकडे संध्याकाळ झाली होती. लॅपटॉपसमोर आम्ही तिघं आणि सुनंदाचे बाबा.

हातमोजेवाल्या बाईंनी पहिलं पान उलटलं आणि त्यावरचं मीठ मखमलीवर सांडलं. रफिकभाईंनी डोळे मिटले. सुनंदाचा चेहरा उतरला.

मग बाईंनी एका हाताचा मोजा काढला, एक खडा उचलला आणि जिभेवर ठेवला. म्हणाल्या, "आम्ही हे ठेवतोय."

माझा जीव भांड्यात पडला. सुनंदा रडता रडता हसायला लागली. बाबांना इंग्रजी कळत नव्हतं. ते खुर्ची पुढे ओढून बसले.

"त्यांना इचार," ते म्हणाले, "खारट हाय ना अजून?"