मेश्रामकाकांची सुनावणी कुठे घ्यायची?

फ्रँचायझीच्या केसेस लढून मी आता खरंच थकले आहे. फाइली बंद होऊन कपाटात जातात, पण किस्से साचतच राहतात. त्यातले निम्मे एकट्या मेश्रामकाकांचे.

काका नागपूरचे. आयटीतून रिटायर झाल्यावर त्यांनी इथे, ईडन प्रेरीत, टेक्सासच्या एका कंपनीची फ्रँचायझी घेऊन स्मूदीचं दुकान टाकलं. मिनेसोटाच्या थंडीत बर्फाचं सरबत! मी विचारलं, "काका, करार वाचला होता का?"

"वाचला ना. फोटो छान होते."

*

मग काकूंचं डायलिसिस सुरू झालं. त्यांना सेंटरवरून आणायला काका दुपारी दुकान बंद करून जायचे. मुलगी दूर दुसऱ्या राज्यात, कॅरी गावी, तिच्या नोकरीत आणि लहान बाळात अडकलेली. कंपनीने नोटीस धाडली: कामाच्या वेळात दुकान बंद, सबब करार रद्द. पुरावा म्हणून दुकानाच्या दाराचा फोटो जोडला होता. दारावर काकांनी इंग्रजीत पाटी लावली होती, 'आधी बायको, मग स्मूदी.'

ही पाटी मी लढवायची होती.

*

करारात लिहिलं होतं, वाद झाला तर लवाद टेक्सासमध्ये, अर्विंगला. काका तिकडे गेले तर काकूंना कोण आणणार? मिनेसोटाचा कायदा म्हणतो, इथल्या दुकानदाराला भांडायला राज्याबाहेर ओढू नका. कंपनी म्हणे, इथे राज्याचा नाही, फेडरल म्हणजे केंद्राचा कायदा चालतो, आणि तो करारातलीच जागा मानतो. अर्जावर अर्ज झाले.

काका एकदा वैतागून म्हणाले, "बेटा, भांडण कुठे करायचं याचंच भांडण चालू आहे का अजून? मूळचं तर मी विसरलो."

*

कंपनीच्या वकिलाने एका अर्जात लिहिलं, अर्विंगमध्येही उत्तम डायलिसिस सेंटर्स आहेत, शिवाय भरपूर इंडियन ग्रोसरी स्टोअर्स आहेत. मला इतका राग आला की तो कागद मी काकांना दाखवणार नव्हते. दाखवला.

त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचला. "कांदे कसे दिलेत, ते नाही लिहिलं."

*

शेवटी सुनावणी इथेच घ्यायचं ठरलं. काकूंनी लगेच रव्याचे लाडू वळले. कंपनीच्या वकिलासाठी! म्हणे, "आपल्या गावात येतोय बिचारा." विरुद्ध पक्षाला असं काही द्यायचं नसतं, हे समजावता समजावता माझा घसा बसला.

"बरं," काकू म्हणाल्या, "मग निकाल देणाऱ्या बाईंना देऊ?"

*

सुनावणीच्या दिवशी तो वकील काकांची उलटतपासणी घेत होता. "म्हणजे गिऱ्हाईक दारात उभं असताना तुम्ही सरळ कुलूप लावून निघून जाता?"

काकांनी घड्याळ पाहिलं आणि ते उठले. "हो. आत्ताही निघायलाच हवं." कोट घालून ते गेलेसुद्धा. मी डोक्याला हात लावला. कंपनीला जे सिद्ध करायचं होतं, ते माझ्या अशिलानेच सगळ्यांसमोर करून दाखवलं होतं.

लवादाच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "आपण थांबू," त्या म्हणाल्या.

काका परतले ते काकूंना घेऊनच, घरी सोडायला वेळ नव्हता म्हणून. काकूंचा चेहरा पांढराफटक पडला होता, हाताला पट्टी होती. वकिलाने उठून त्यांना आपली खुर्ची दिली. बसल्यावर काकूंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "केव्हाचा उभा आहेस रे बाळा? जेवलास का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीत सांगितलं.

त्याने फाइल मिटली. "नो फर्दर क्वेश्चन्स."