आबाजीचा वनटन आणि माझं सील

आबाजीच्या गाडीला ताकद कमी नव्हती. हे वाक्य मी शहाण्णव सालच्या मार्च महिन्यात मोठ्यानं म्हणायला पाहिजे होतं. तेव्हा म्हटलं नाही, म्हणून आता कागदावर लिहितोय, आणि लिहितानाही माझं डोकं फिरतं.

माझं बारामतीत भिगवण रस्त्याला डिझेल पंपाचं दुकान. म्हणजे इंजिनाच्या कुशीला बसलेला, नोझलला डिझेल मोजून देणारा पंप. तो खोलायचा, बेंचवर लावायचा, प्रत्येक नळीतून सारखं डिझेल पडतं का बघायचं, आणि काम झालं की डिझेल वाढवायच्या स्क्रूला तार ओवून शिशाचं सील मारायचं. माझ्या सीलवर ‘सो’ असं अक्षर उमटतं, सोपानमधला सो. सील शाबूत तोवर जबाबदारी माझी. सील तुटलं की माझा संबंध संपला.

पण ते टिकायचं किती? माळेगावला साखर कारखान्याचं गळीत सुरू झालं की उसाचे ट्रॅक्टरवाले यायचे, पंप करून घ्यायचे आणि पहिल्याच वळणावर थांबून सील उचकटायचे. आमच्या भागात ताकद धुरावर मोजतात. काळा लोट निघाला की माणूस खूश. काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, निव्वळ नासाडी, हे मी वीस वर्षं सांगतोय. ऐकणारा मान हलवतो आणि घरी जाऊन स्क्रू पिळतो. त्यांच्यापुढं बोलून बोलून माझा घसा बसला, स्वभाव मात्र तिखट होत गेला.

आबाजी त्यांच्यातला नव्हता. तो पळसदेवचा. बापाची मेंढरं होती, त्यांच्यामागं तो लहानपणी कोकणापर्यंत चालून आलेला. उजनीचं पाणी आलं, चराऊ रानं गेली, मेंढरं विकली. मग दहा-बारा वर्षं त्यानं कारखान्याच्या उसाचा ट्रक चालवला. पुढं कुठल्याशा मिलिटरीच्या लिलावातून एक वनटन घेतला. उंच, बोजड, पुढची-मागची चारही चाकं ओढणारी गाडी. मूळचं पेट्रोल इंजिन काढून कुणीतरी डिझेल बसवलेलं. गाडी सुरू केली की आबाजी बॉनेटवर तळहात ठेवून उभा राहायचा, गाभण मेंढीच्या पोटाला लावतात तसा. इंजिन कुठं अडतंय ते हाताला कळतं म्हणायचा, आणि नव्वद टक्के वेळा त्याचं बरोबर असायचं.

त्याचं काम मासळीचं. उन्हाळ्यात उजनीचं पाणी मागं सरतं. फेब्रुवारीत होड्या रस्त्याजवळ लागतात, एप्रिल-मेपर्यंत पाणी मैल-दीड मैल आत जातं आणि मधे नुसता गाळ. वरून तडकलेला, खालून मऊ. होड्यांतली मासळी बर्फात घालून त्या गाळातून वर आणायची आणि तशीच भिगवणच्या बाजारात पोचवायची. ट्रॅक्टर गाळातून येतो, पण भिगवणला पोचेपर्यंत बर्फाचं पाणी होतं. आबाजीची गाडी गाळातूनही येईल आणि डांबरी रस्त्यावर पळेलही, म्हणून ठेकेदारानं काम त्याला दिलेलं. त्या कामावर त्याचं सगळं घर होतं. म्हणायचा, ‘मेंढरं गेल्यावर पयल्यांदा आपलं म्हणावं असं काम हाय हे.’

त्या मार्चमध्ये तो आला तो चिखलानं माखूनच.

‘मिस्त्री, गाडी वर चढंना. आठ पेट्या घातल्या की बसती. पंप वाढवा जरा. ताकद पायजे.’

मी गाडी बघायला बाहेर आलो. आणि मला तिथंच दिसलं.

चारही चाकांना ट्रकचे टायर होते, डांबरी रस्त्याच्या नक्षीचे, आणि त्यांत हवा अशी ठासलेली की बोटानं टिचकी मारली तर दगडावर मारल्यासारखा आवाज यावा. ओझ्याच्या गाडीला डांबरावर ते बरोबरच आहे. पण गाळात तसला टायर सुरीसारखा उतरतो. हवा निम्मी सोडली की टायर पसरतो, वर तरंगतो. वर आल्यावर पायपंपानं परत भरायची. यात ना डिझेल पंप खोलावा लागतो, ना इंजिन, ना छदाम खर्चावा लागतो.

मग बोललो का नाही? टायर तात्याबाचे होते. माझ्या भिंतीला भिंत लागून त्याचं टायरचं दुकान. आणि आमच्या दुकानांच्या ओळीचा एक कायदा आहे, कुणी लिहिलेला नाही पण सगळे पाळतात. पंपवाल्यानं पंपाचं बोलायचं, गिअरवाल्यानं गिअरचं, टायरवाल्यानं टायरचं. दुसऱ्याच्या कामात तोंड घालायचं नाही. मी एकदा घातलं होतं. काटेवाडीच्या एका दूधगाडीवाल्याला म्हणालो, तुझा मागचा टायर गेलाय, तात्याबानं बसवायला नको होता. तात्याबा सहा महिने माझ्याशी बोलला नाही. चहा बंद, त्याच्याकडून येणारी गिऱ्हाइकं बंद. तेव्हापासून मी शहाणा झालो होतो.

आबाजीला मी एवढंच सांगितलं, ‘पंप बेंचवर लावून देतो. पण पंपात काय दोष दिसत न्हाय.’

पंप खरंच ठीक होता. थोडं कमी-जास्त केलं, सील मारलं. आबाजीनं ते सील अंगठ्यानं चाचपलं आणि म्हणाला, ‘हे आता तुमच्याबिगर कुनी खोलायचं न्हाय, व्हय ना?’ मी व्हय म्हणालो.

पंधरा दिवसांनी परत हजर. सील जसंच्या तसं. माझ्या धंद्यात सील न तोडता परत आलेलं ते पहिलं गिऱ्हाईक. मला त्याचा इतका आनंद झाला की मी त्याला चहा पाजला, आणि चहा पिताना तो जे बोलला ते अजून माझ्या कानात आहे.

‘गाळाचं काय न्हाय ओ, मेंढरांमागं लई तुडवलाय. बोटं पसरून, सावकाश पाय टाकायचा. जोर केला की माणूस रुततो.’

माझ्या जिभेवर आलं होतं. अहो आबा, तेच तुमच्या चाकाचं. पलीकडं तात्याबा लोखंडी पहारीनं टायर उचकटत बसला होता, हातभर अंतरावर. मी चहाचा कप विसळायला उठलो.

मग सुरू झाली त्याची वणवण. नागेश इंजिनवाला म्हणाला, टर्बो बसवा, एका ट्रकचा भंगारात आलाय. टर्बो बसला. इंजिनाला शीळ आली, गाडी डांबरावर उडायला लागली, गाळात तिथंच बसली. कुणी म्हणालं नोझल मोठ्या घाला. घातल्या. कुणी म्हणालं सायलेन्सर दम कोंडतो, कापून टाका. कापला. आता गाडी पळसदेवहून निघाली की भिगवणला ऐकू यायची. गिअरवाल्यानं मागच्या आसातल्या चक्राचे दात बदलले. प्रत्येकानं आपापलं काम चोख केलं आणि एकानंही वाकून चाकाकडं बघितलं नाही. तात्याबाकडं तो दोनदा गेला. तात्याबानं हवा तपासली, चार पौंड कमी भरली म्हणून वर ठासून दिली. मी माझ्या दारातून बघत होतो. हवेच्या नळीची ती फुसफुस ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. राग कुणाचा आला होता, ते मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

प्रत्येक वेळी आबाजी माझ्याकडं येऊन सांगायचा, आता हे केलं, आता ते केलं. तक्रार नाही, आवाज चढलेला नाही. फक्त गालफडं बसत चालली होती.

एप्रिलच्या शेवटी पाण्यातल्या जुन्या देवळाचं शिखर उघडं पडलं. म्हणजे पाणी पार लांब गेलं. ठेकेदारानं आबाजीला सांगितलं, सोमवारी माल नीट वर आला तर ठीक, नाहीतर काम रावजीच्या ट्रॅक्टरला. बर्फ जास्त घालू, उशीर झाला तरी चालेल, पण रोज माल अडकून चालणार नाही.

आबाजी शनिवारी सकाळीच दारात.

‘मिस्त्री, शेवटचं सांगतो. सील तोडा. जेवढं वाढतं तेवढं वाढवा. इंजिन गेलं तर जाऊ द्या.’

‘आबाजी, पंपाचं न्हाय हे.’

‘मग कशाचं हाय?’

त्यानं सरळ विचारलं होतं. असं सरळ मला कुणी विचारत नाही. पलीकडं तात्याबाच्या दुकानात रेडिओ चालू होता. तात्याबा दारातच बसला होता आणि आमच्याकडं बघत होता. मी म्हणालो, ‘तुमी ऐकत न्हाय तर काय सांगू?’ केवढं खोटं बोललो मी. त्या माणसानं प्रत्येकाचं ऐकलं होतं.

आणि मग माझा तोल गेला. त्याच्यावर चिडलो, धुरावर ताकद मोजणाऱ्या सगळ्या मुलखावर चिडलो, पक्कड घेतली आणि माझंच सील माझ्या हातानं कापलं. स्क्रू दीड आटे पिळला. इंजिन वाढवलं तसा असा काळा लोट निघाला की रस्त्यावरची माणसं थांबली. कुणीतरी वा म्हणालं. आबाजीनं बॉनेटवर हात ठेवला आणि पहिल्यांदाच तो काही न बोलता काढून घेतला.

सोमवारी दुपारी एसटीडी बूथवाला निरोप घेऊन आला. पळसदेवहून आबाजीचा फोन होता. या म्हणाला.

मी एसटीनं गेलो. इतकी वर्षं त्या भागातल्या गाड्यांचे पंप केले, पण गाळ पायाखाली पहिल्यांदाच घेत होतो. गाडी रस्त्याकडच्या कोरड्या काठापासून पाऊण मैलावर होती. चारही चाकं आसापर्यंत आत. मागच्या चाकांनी एवढा जोर केला होता की चिखल हौद्याच्या वर उडाला होता. ताकद होती ना. जेवढी ताकद तेवढा खड्डा. पेट्या खाली उतरवल्या होत्या आणि रावजीचा ट्रॅक्टर त्या घेऊन निघाला होता. काम गेलं होतं. उरलेल्या मासळीचा वास उन्हात सुटला होता.

आबाजी गाडीच्या सावलीत उकिडवा बसला होता. गुडघ्यापर्यंत चिखल.

मी पिशवी उघडली. घरून निघतानाच मी पायपंप घेतला होता. पिशवीत तो घालताना माझ्या हाताला काय वाटलं ते सांगत नाही. आधी पंपाचा स्क्रू जागेवर आणला. मग एकेका चाकाजवळ बसलो, काडीनं व्हॉल्व्ह दाबला आणि हवा सोडली. निम्म्याच्याही खाली. टायर पोटऱ्यांसारखे फुगून पसरले. आम्ही दोघांनी फावड्यानं चाकांपुढचा गाळ उतरता केला. मी म्हणालो, ‘सगळ्यात खालच्या गिअरला घ्या. ॲक्सिलेटरला पाय लावू नका.’

गाडी कण्हली, हलली आणि बाहेर आली. धूर नाही, आवाज नाही. मेंढरू उठून चालायला लागावं तशी ती गाळावरून चालत काठाला गेली. मी मागून चालत होतो. चाकांच्या खुणा जेमतेम बोटभर खोल होत्या.

काठावर आबाजी उतरला. वळून त्या खुणांकडं बघत राहिला. मग खाली बसून त्यानं टायरला तळहात लावला.

‘एवढंच व्हतं?’

‘एवढंच.’

‘हे तुमाला आज सुचलं?’

खोटं बोलता आलं असतं. आज गाळ बघितला तेव्हा लक्षात आलं म्हटलं असतं तर त्यानं मानलं असतं.

‘न्हाय,’ मी म्हणालो. ‘पयल्या दिवशी.’

तो ओरडला असता, कॉलर धरली असती, तर मला बरं वाटलं असतं. त्यानं माझ्या हातातून पायपंप घेतला, पहिल्या चाकाला लावला आणि हवा भरायला सुरुवात केली. दुसरं चाक भरताना, मान वर न करता म्हणाला, ‘मग सांगायचं न्हाय व्हय, सोपानराव.’

माझ्याकडं कारण होतं. तात्याबा, आमची ओळ, दुसऱ्याच्या कामात तोंड न घालायचा कायदा. त्या काठावर उभं राहून ते कारण तोंडातून काढायची मला लाज वाटली. आजही वाटते.

परत आल्यावर मी तात्याबाच्या दुकानात जाऊन सगळं सांगितलं. तात्याबा म्हणाला, ‘मला कुनी इचारलं का, गाडी गाळात चालती म्हून?’ त्याचंही खरं होतं. त्याला डांबरावरची ओझ्याची गाडी दिसली होती. गाडी गाळात जाते हे मला ठाऊक होतं आणि टायर कसे आहेत हेही. दोन्ही ठाऊक असलेला त्या ओळीत मी एकटाच होतो.

त्या हंगामाचं आणि पुढच्याही हंगामाचं काम रावजीकडं राहिलं. आबाजी आता केळी आणि भाजीपाला वाहतो, डांबरी रस्त्यानं. टर्बो त्यानं काढून टाकला. दरवर्षी दिवाळीनंतर तो न चुकता माझ्याकडं येतो, कारण भागात पंप माझ्याइतका चांगला कुणी करत नाही. राम राम करतो, चहा घेतो. सील शाबूत असतं.

गेल्या वर्षी त्याच्या गाडीचं पुढचं चाक तिरकं झिजलेलं मला दिसलं. मी लगेच बोललो, ‘आबाजी, पुढचं चाक बघून घ्या, आतनं खातंय.’

त्यानं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, ‘तुमी पंपाचं तेवढं बघा, मिस्त्री.’

मी पंप बेंचवर चढवला.