बर्लिनच्या रेडिओवर घरधन्याचं नाव

लढाईच्या वर्षांत अकोटात ज्याच्या घरी रेडिओ असे, त्याला दोन सरकारांचं ऐकायला मिळे. दिल्लीचं म्हणे आपण जिंकत आहोत, बर्लिनचं म्हणे इंग्रज बुडाला. बुडो नाही तर तरो, मला काय त्याचं! आमचे हे कापसाच्या जिनिंगमधली मोटार चालवणं सोडून लष्करात ड्रायव्हर म्हणून गेले होते. आफ्रिकेत मोठी लढाई झाली आणि त्यानंतर सरकारनं एवढंच कळवलं की पत्ता लागत नाही. मेले म्हणेनात, जिवंत आहेत म्हणेनात. कुंकू लावताना माझा हात थबकायचा, आणि शेजारणी म्हणायच्या, पाहा कशी नटून राहिली.

आम्ही जातीचे माळी. सासूबाई आणि मी बाजारात भाजी विकायचो, सकाळी घरोघर पूजेची फुलं द्यायचो. त्यातलं एक घर सरकीच्या व्यापाऱ्याचं. तिथल्या शेठाणीनं एकदा फुलं घेता घेता सांगितलं, बर्लिनवाले संध्याकाळी हिंदुस्थानीत बोलतात आणि मधूनमधून कैद्यांची नावं वाचतात. सासूबाई तिथंच उंबऱ्यावर बसल्या.

"मले आयकाचं हाय," त्या म्हणाल्या.

शेटजी कचरले. एकट्यानं घरात ऐकलं तर सरकार कानाडोळा करी, पण शत्रूचं बोलणं दुसऱ्याला ऐकवलं की गुन्हा. फौजदार अधूनमधून रेडिओचं लायसन पाहायला येई, आज काय लावलं होतं म्हणून विचारी. पण माणूस मोठ्या मनाचा. "सैपाकघराच्या दारामागं बसा, अन् बाहेर एक शब्द बोलू नका," एवढंच म्हणाला.

बोलणाऱ्याचा आवाज लोण्यासारखा. आधी कळवळून विचारायचा, बहिणींनो, तुमची माणसं कोणासाठी मरताहेत? मग म्हणायचा, इंग्रज आणि अमेरिकेची दोस्ती फाटली, रशियाला दोघांनी वाऱ्यावर सोडलं. एवढं ऐकवलं की चार नावं. पुन्हा तेच पुराण, पुन्हा चार नावं. मेल्याला पक्कं ठाऊक होतं, नावासाठी बाई जागची हलणार नाही! असा संताप यायचा मला. आणि तरी मी रोज जायची. सासूबाई मधल्या वेळात वालाच्या शेंगा सोलत, नावं सुरू झाली की हात थांबवत.

एका संध्याकाळी नाव आलं. यांचं, मग मामंजींचं, मग गावाचं. मी तोंडात पदर कोंबून रडले.

दुसऱ्या दिवशी बाजार. आमच्याकडे चांगली बातमी गूळ वाटल्याशिवाय घरात ठेवत नाहीत, तिला दृष्ट लागते. सासूबाईंनी वांग्यांच्या पाटीशेजारी गुळाची ढेप फोडली आणि येईल त्याच्या हातावर खडा ठेवत सुटल्या. कशाचा गूळ म्हणून विचारलं की खणखणीत आवाजात सांगत, "पोरगा सापडला माहा! शेटजीच्या घरी, बर्लिनच्या रेडिओनं सांगतलं!"

"आत्याबाई, चूप बसा न व!" मी पदर ओढला.

"काऊन चूप बसू? चोरी केली काय?"

शिपाई आला, त्यालाही गूळ दिला. त्यानं तो चघळत चघळत चौकी गाठली.

संध्याकाळी फौजदारानं शेटजींचा रेडिओ उचलून नेला. आम्हाला दटावलं नाही, उलट समजावल्यासारखं म्हणाला, "बाई, ही शत्रूची चाल आहे. तुम्हाला आमच्यापासून फोडायला ते काहीही नावं वाचतात. धरून चालू नका." जिवंत झालेला माणूस त्यानं पुन्हा अधांतरी टांगला. सासूबाई शेटजींच्या पाया पडायला गेल्या, तर ते म्हणाले, "रेडिओचं काय घेऊन बसल्या! पोरगा येऊ द्या." त्या रात्री आमची चूल पेटली नाही.

काही आठवड्यांनी भर बाजारात फौजदार आमच्या पाटीपुढं येऊन उभा राहिला.

"बाई, खरं आहे. नागपूरहून कळलं. कैदेत आहे, धडधाकट आहे."

सासूबाईंनी दोन्ही हात वर जोडले. मला हसू का रडू झालं. फौजदारही खुशीत होता. म्हणाला, बर्लिन काय बोलतं ते ऐकायला सरकारनं माणसं बसवली आहेत. तुम्ही ऐकलंत त्याच संध्याकाळी त्यांनीही हे नाव ऐकलं होतं. आता शेटजींचा रेडिओही परत मिळेल.

बाप्पा! माझ्या अंगाची आग झाली. परक्या पुरुषापुढं मी कधी मान वर केली नव्हती. पदर खांद्यावर आला तरी सावरला नाही.

"त्याच दिशी मालूम होतं तुमाले? मंग मले काऊन नाही सांगतलं? तुमी सांगतलं असतं तं त्या बर्लिनवाल्याच्या तोंडाकडे मी कायले पाह्यत बसली असती?"

"शहानिशा करावी लागते," तो म्हणाला.

"अजून कोनाची नावं हायेत?"

"त्याच पलटणीतली. दर्यापूरच्या दोघांची. पण त्यांचं अजून पक्कं नाही."

"मंग पक्कं नाही म्हनूनच सांगा जी. पन आज सांगा. तिकडेही कोनी दारामागं बसली असंन."

सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला, गप्प बस म्हणून नव्हे. दर्यापूर फौजदाराच्या हद्दीतलं नव्हतं, जिल्हासुद्धा दुसरा. मग तो वळला, पण चौकीकडे नाही. नाक्यावर दर्यापूरला जाणारी सर्व्हिस मोटार सुटायला आली होती. तिच्याकडे तो आधी चालत निघाला, मग पळत सुटला.